यकृताची खात्री द्यायला सांगलीला

माझी शेजारीण दर वर्षी कुठल्या तरी बर्फाळ देशात जाऊन येते आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकते. मी दसरा झाल्यावर सातारा-सांगलीला जाऊन आले असं सांगितल्यावर ती म्हणाली, “अय्या, तिकडे काय बघण्यासारखं?” मी म्हटलं, “एक लिव्हर.” तिने लगेच विषय बदलला. पण मी थट्टा करत नव्हते. मी खरोखरच एका यकृताबद्दल चार माणसांना खात्री द्यायला गेले होते आणि जाता जाता माझं अर्धं बालपण बघून आले.

आधी माणसं सांगते. बापूदादा हा माझा चुलतभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. फौजेत वायरलेसवर होता, सुभेदार होऊन घरी आला आणि शेती बघू लागला. दोन वर्षांपूर्वी त्याचं यकृत निकामी झालं. वहिनीला साखर, त्यामुळे तिचं चालेना. तेव्हा त्याच्या एकुलत्या एका मुलीने, मनीषाने, आपल्या यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग काढून बापाला दिला. दोघंही आता धडधाकट आहेत. मनीषा सांगलीत विश्रामबागेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, जवळच्याच कॉलेजात शिकवणारा अमोल तिला आवडला आणि त्याला ती. अमोलचं घर तासगावकडे, द्राक्षबागायतदारांचं. वडील वारलेले, घरात आई आणि चुलते. त्याने आईला सगळं खरं सांगितलं, ऑपरेशनसकट. आईने निरोप धाडला, “पोरगीला घिऊन या, आन् त्या लिवरचं नीट समजावून सांगणारं कुनीतरी संगं आना.”

आता आमच्या भावकीत यकृताचं समजावून सांगणारी मीच. पुण्याच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी उंदरांच्या यकृतात गेली. त्यामुळे बापूदादाचा फोन आला तेव्हा तो विनंती करत नव्हता, हुकूम सोडत होता.

खंडाळा, मग सातारा

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंडाळा लागतं. घाटातलं नव्हे, आमचं. लोकांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं आणि दर वेळी मला राग येतो. वडील इथे प्राथमिक शाळेत मास्तर होते, चौथीपर्यंत मी त्यांच्याच शाळेत शिकले. तेव्हा एसटी गावात शिरायची. कंडक्टर खाली उतरून वडिलांशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचा आणि आत बसलेल्या माणसांची काही हरकत नसायची. आताची विनाथांबा बस गावाकडे बघतसुद्धा नाही. मी काचेला नाक लावून शाळेची कौलं दिसतात का शोधत राहिले. कारखान्यांच्या शेड दिसल्या, त्यांच्या मागे डोंगर तेवढा ओळखीचा होता. त्याला बघून मला एकदम भरून आलं, याचं माझं मलाच नवल वाटलं.

साताऱ्याच्या स्टँडवर बापूदादा तोंडाला मास्क लावून उभा होता. गर्दीत त्याला मास्क लावावाच लागतो. दुसऱ्याचं यकृत अंगाने परकं म्हणून हाकलून देऊ नये यासाठी त्याच्या अंगातल्या पहारेकऱ्यांना औषधाने थोडं पेंगुळलेलं ठेवलेलं असतं, मग साध्या सर्दीलाही आत यायला दार उघडं. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. पण ज्याने आम्हाला लहानपणी पुराच्या पाण्यात पोहायला शिकवलं, त्याला कुणी शिंकलं म्हणून चार पावलं मागे सरकताना बघणं वेगळं.

“शालू, लय वाळलीस गं,” तो म्हणाला.

“तू आरशात बघ जा.”

“मी? मला काय झालंय? पोरीचं लिवर हाय माज्यात. आतनं मी पंचविशीतला हाय!”

माझी बॅग कोणी उचलायची यावर आमची स्टँडवरच ओढाओढी झाली आणि बॅगेचा बंद तुटला. रिक्षावाल्याने न बोलता बॅग घेतली आणि आत टाकली. वाटेत कंदी पेढे घेतले. पुण्यातही मिळतात म्हणा, पण साताऱ्याच्या पेढ्याचा खरपूस वास दुकानाच्या पायरीवरच घ्यायला हवा. बापूदादाने एकच पेढा घेतला आणि घर येईपर्यंत पुरवून खाल्ला.

आमचं मूळ गाव साताऱ्यापासून जवळच आहे. घराच्या मागे पपनसाचं झाड अजून आहे. लहानपणी आम्ही त्याच्यावरून पडलो, त्याच्यावरून भांडलो, फळ सोलून आतल्या एकेका फोडीचं साल काढून मीठ-तिखट लावून खाल्लं. या दिवसांत झाड नुसतं लगडलेलं असतं. वहिनीने एक काढून आणलं, बापूदादाने ते सोललं आणि सगळ्या फोडी माझ्यापुढे ठेवल्या. स्वतः एकही उचलली नाही.

“तू?”

“आता न्हाई चालत. त्या गोळीचं आन् ह्येचं जमत न्हाई. डॉक्टरनं पयल्याच दिवशी सांगितलं, पपनस बंद.”

हेही मला ठाऊक होतं. या फळाने त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण भलतंच वाढतं. पण इतकी फळं आहेत, त्यात नेमकं हेच असावं? बापूदादाने साल नाकाजवळ नेली, डोळे मिटून वास घेतला आणि मला म्हणाला, “खा तू. तू खाताना बघितलं तरी चालतंय.” मी खाल्लं.

“गावात काय म्हणत्यात ठावं हाय?” वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली. “म्हणत्यात, सुभेदारानं मिल्ट्रीची रम पिऊन लिवर घालवलं.”

“मी थेंब घेतला न्हाई कवा,” बापूदादा म्हणाला. “कोट्याची रम समद्यांस्नी वाटली. आन् ज्यांनी माजी रम पिली, त्येच आता बोलत्यात!”

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुण्यात माझ्या घरी इतक्या मोठ्याने कोणी हसत नाही. खाली राहणारे लगेच फोन करतात.

सातारा ते विश्रामबाग

दुसऱ्या दिवशी निघालो. वहिनीला गाडी लागते, आणि म्हशीपाशीही कोणी तरी हवं, म्हणून ती मागे राहिली. बापूदादा स्वतः गाडी चालवत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसाहून उंच ऊस उभा होता, अजून कोयता लागायचा होता. कराडच्या अलीकडे मिसळ खायला थांबलो. तर्री वेगळ्या वाटीत घेऊन ती आपल्या बेताने ओतायची इकडची पद्धत मी विसरले होते. सगळी एकदम ओतली आणि ठसका लागून नाका-डोळ्यांतून पाणी काढलं. वाढणारा माणूस म्हणाला, “पुण्याच्या पावण्या दिसत्यात.” मी याच मातीतली आहे असं त्याला ठणकावून सांगायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही.

तेवढ्यात बापूदादाच्या फोनचा गजर वाजला. गोळीची वेळ. गोळी घेतली की काही वेळ खायचं नाही, म्हणून त्याची मिसळ पुढ्यात गार होत राहिली. त्या रिकाम्या वेळात त्याने मला विचारलं, “शालू, उद्या तू त्यास्नी समजावशील. पयलं मला समजाव. माजं मलाच अजून नीट कळलेलं न्हाई.”

“काय?”

“लिवर कापलं. कापल्याव त्येला कळलं कसं, की आता वाढायचं?”

इतकी वर्षं मी सभागृहांमध्ये याच प्रश्नावर बोलले, पण ज्याच्या पोटात ते घडलं आहे अशा माणसाने मला हे कधीच विचारलं नव्हतं. उंदीर विचारत नाहीत. मी पाण्याचा घोट घेतला आणि सांगू लागले.

“यकृतातल्या पेशी एरवी आपापलं काम करत असतात, पण वाढायच्या बाबतीत निजलेल्या असतात. वर्षानुवर्षं. मोठा तुकडा काढला, की आतड्याकडून येणारं रक्त तेवढंच राहतं, पण घेणारं यकृत उरतं थोडंसं. त्या लोंढ्याने पहिली खबर लागते. मग शेजारच्या राखणदार पेशी निरोप सोडतात, रक्तातूनही निरोप येतात. निरोप म्हणजे प्रथिनं. प्रत्येक पेशीच्या बाहेर ते निरोप घेणारी ठिकाणं असतात. तिथे निरोप पोचला, की आत एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत करत पार केंद्रकापर्यंत. मग पेशी जागी होते आणि एकीच्या दोन होतात.”

वायरलेसवर आयुष्य काढलेल्या माणसाचे डोळे चमकले. “म्हंजे स्टँड-टू आला! सगळी चौकी उठून हुबी.”

“अगदी तसंच.”

“मंग स्टँड-डाउन कोन देतंय? न्हाईतर वाढतंच ऱ्हाईल की, पोट फुटंस्तवर.”

मी हसले. “तेच शोधण्यात माझी नोकरी गेली बापूदादा. थांबण्याचे निरोप काही सापडलेत. पण नेमकं पुरेसं झालं हे यकृताला कसं कळतं, ते अजून पुरतं कुणालाच उमगलेलं नाही. मनीषात राहिलेला भाग वाढला तो मनीषाच्या मापाचा होऊन थांबला. तुला दिलेला तुकडा तुझ्या मापाचा होऊन थांबला. एकाच यकृताचे दोन भाग, आणि ज्याने त्याने आपापलं अंग ओळखलं.”

 तो शर्टावरून पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवून म्हणाला, “लेकीचं हाय, पर माज्या मापाचं झालंय.” मग गार मिसळ त्याने एक कणही न सोडता खाल्ली.

सांगलीजवळ आलं, की बोलण्यात अण्णा आणि आक्का ऐकू यायला लागतात, कानडी मुलूख जवळ आल्याची खूण. विश्रामबागेत मनीषा काम संपवून येईपर्यंत मी एकटीच माझ्या जुन्या कॉलेजाकडे चालत गेले. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी इथे हॉस्टेलवर काढली. तेव्हा या भागात बंगले होते, मोकळी पटांगणं होती, संध्याकाळी सायकली आणि कुंपणावरच्या मधुमालतीचा वास. आता क्लासेसच्या पाट्या एकमेकींना ढकलत उभ्या आहेत. हॉस्टेलच्या जागी पार्किंग आहे. मी कितीतरी वेळ त्या पार्किंगच्या कडेला उभी राहून आमची खोली हवेत कुठे असेल याचा हिशेब करत होते, तेव्हा वॉचमनने गाडी कुठे लावली आहे म्हणून विचारलं.

प्रयोगशाळेची इमारत मात्र तीच होती. इथेच आमच्या बाईंनी बाजारातून बोकडाची कलेजी आणवली होती आणि तिचा पातळ काप काचेवर ठेवून आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. माझी पाळी शेवटी आली. मी डोळा लावला आणि शेजारी शेजारी बसलेल्या त्या बहुकोनी खोल्या दिसल्या, काहींत तर एकीऐवजी दोन दोन केंद्रकं. मैत्रिणी घंटा झाली म्हणून ओढत होत्या आणि मी हलत नव्हते. उरलेल्या कलेजीचं शिपाईमामांनी संध्याकाळी कालवण केलं आणि आम्हा हॉस्टेलच्या मुलींना वाटीभर वाटीभर दिलं, हेही लक्षात आहे. आयुष्यात काय करायचं हे मला त्या दुपारी कळलं. असं कळणं पुन्हा कधी झालं नाही, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या त्या मुलीची मला प्रयोगशाळेच्या पायरीवर फार आठवण आली.

मनीषा आली ती भडंगाची पुडी घेऊनच. कच्चा कांदा, वर लिंबू, आम्ही तिच्या खोलीच्या गच्चीत बसून खाल्लं. बापूदादा खाली गाडी पुसत होता. मनीषा अंगाने बारीक, बोलायला मोजकी. तिने एकदम विचारलं, “आत्या, उद्या त्यांनी न्हाई म्हटलं तर?”

“का म्हणतील? तू ठणठणीत आहेस. तुझे रिपोर्ट मी पाहिलेत.”

“रिपोर्ट त्यांना कुठं कळतात? एका पावण्यांनी तर पप्पांना तोंडावर सांगितलं होतं, अर्धी पोरगी कोण करून घेणार म्हणून.” तिने पुडीतला शेंगदाणा उचलला आणि परत टाकला. “अमोल म्हणतो, आई न्हाई म्हणाली तरी आपण करू. पण मी तसं करणार न्हाई. त्यांना तो एकटाच हाय. वडील गेल्यापासनं त्या त्याच्याकडं बघूनच जगल्यात. मी माझ्या बापासाठी एवढं केलं, आन् त्याला आईपासनं तोडू? त्यांनी न्हाई म्हटलं, तर माझंबी न्हाई.”

तिला अमोल किती हवा होता, ते तिच्या आवाजात ऐकू येत होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उद्या काय काय सांगायचं याची मनात उजळणी सुरू केली. इतकी तयारी मी माझ्या प्रबंधाच्या वेळीही केली नव्हती.

बागेतली बैठक

पुण्याकडे अशा भेटी हॉलमध्ये होतात, सोफ्यावर, पोह्यांच्या बशा मांडीवर घेऊन. आमची बैठक झाली द्राक्षाच्या मांडवाखाली. कारण ऑक्टोबरची छाटणी चालू होती. छाटणी झाली, की काडीच्या शेंड्याकडच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, लगोलग औषध लावावं लागतं, म्हणजे ते सगळे डोळे एका वेळी फुटतात. त्या कामाला उशीर चालत नाही, पाहुणे येवोत नाहीतर आणखी कोणी. अमोलने आम्हाला घरात टेकूही दिलं नाही. “आई बागंतच हाय,” म्हणाला आणि थेट बागेत नेलं.

छाटलेली बाग मी प्रथमच पाहिली. पान म्हणून नाही. तारांवर नुसत्या तपकिरी काड्या आणि खाली कातरलेल्या फांद्यांचा खच. हातमोजे घातलेल्या बायका रांगेने लाल रंग मिसळलेलं औषध डोळ्यांना लावत चालल्या होत्या, आणि त्यांच्यातलीच एक पुढे झाली. त्या इंदूताई, अमोलची आई. अमोल त्यांना उशिरा, नवसासायासाने झालेला. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान, साठीच्या आसपासच्या असतील. त्यांनी कोपराने पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “हात औषधाचं हाईत, पाया पडत न्हाई. बसा.” अमोलच्या चुलत्यांनी, तात्यांनी, द्राक्षाचे रिकामे क्रेट उलटे मांडले. त्यावर आम्ही बसलो. बेदाणे आले, चहा आला.

“हं, सांगा ताई,” इंदूताई म्हणाल्या.

मी सांगितलं. केलेल्या तयारीतलं अर्धं विसरले, पण समोरच बाग होती, तिने मदत केली. छाटणी केली म्हणून वेल मरत नाही, तसं हे. निजलेले डोळे औषधाने जागे होतात, तशा निजलेल्या पेशी निरोपाने जाग्या होतात. मनीषाचं यकृत काही महिन्यांतच पुरेसं भरलं, काम पूर्ण करतं, संसाराला, मुलाबाळांना काही अडचण नाही. तात्या मान डोलवत होते. इंदूताई माझ्याकडे टक लावून बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट, त्या आनंदल्या होत्या.

“अमोल बोलला तवाच मी म्हनलं हुतं, हीच पोरगी करायची,” त्या म्हणाल्या. “आमच्या मालकास्नी लिवरनंच न्हेलं. मिरजेला न्हेलं, पुण्याला न्हेलं. डॉक्टर म्हनले, नवं बसवायला पायजे. आमास्नी वाटलं, मेलेल्या मानसाचंच बसवत्यात. नंबर लावला. नंबर यायच्या आधी त्येच गेलं. जित्त्या मानसाला देता येतं, ह्ये कुनी सांगितलं न्हाई, का आमीच ऐकलं न्हाई, द्येव जाने.” त्यांनी कोपराने कपाळावरचा घाम पुसला. “तवापासनं मला एकच भ्या. अमोलला बी बापासारखंच झालं तर? आता घरात हिच्यासारकी असली म्हंजे भ्या न्हाई.”

“व्हय की!” तात्या मांडीवर थाप मारून म्हणाले. “दरसाल छाटला तरी वेल फुटतोयच. आमची ही बाग बघा, किती छाटण्या झाल्या! आज बापाला दिलं, उद्या नवऱ्याला लागलं तर त्यालाबी दील. ही काय संपनारी चीज हाय?”

बायका हसल्या. बापूदादाही हसायला लागला आणि मध्येच थांबला. दर वर्षी छाटणी करणाऱ्या माणसांनी ही चूक करायची नाही तर कोणी करायची? ज्यासाठी मला आणलं होतं ते काम झालं होतं. कोणी नाही म्हणत नव्हतं. मी चहा संपवून उठले असते तर दुपारी सुपारी फुटली असती. बापूदादाने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं ते मला चांगलं कळलं. गप्प बैस शालू. मनीषाने तोंड उघडलं.

तिने बोलण्याआधी मी बोलले. ते तिच्या तोंडून यायला नको होतं.

“इंदूताई, वेलाला नवीन काडी फुटते. इथे नवीन काडी फुटत नाही. कापलेला भाग गेला तो गेलाच, त्यातल्या रक्ताच्या आणि पित्ताच्या नळ्यांसकट. राहिलेला भागच जाड होतो. त्यावर पुन्हा कात्री लावता येत नाही. देणं एकदाच होतं.”

“म्हंजे?”

“म्हणजे मनीषाला आता पुन्हा कुणाला देता येणार नाही. अमोललाही नाही.”

 औषध लावणाऱ्या बायका थबकल्या. तात्या उठून उगीच पाण्याच्या पाइपाकडे बघत राहिले. अमोल पुढे होऊन काही बोलणार होता, त्याला आईने हातानेच थांबवलं.

“तुला ठावं हुतं?” इंदूताईंनी मनीषाला विचारलं.

“व्हय. ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं त्यांनी.”

“उद्या तुज्या पोटच्या लेकराला लागलं तर?”

मनीषाने मान खाली घातली नाही. “तर माझ्याकडं नसंल. त्या दिवशीबी हे माझ्या डोक्यात होतं. पण पप्पा समोर होते.”

इंदूताई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला वाचता येईना, आणि मला स्वतःचा इतका राग आला की ते क्रेट लाथाडून पुण्याला निघून जावंसं वाटलं. सगळं आयुष्य खरं तेच सांगायची सवय लावून घेतली, त्या सवयीने या पोरीचं काय भलं केलं? बापूदादा जमिनीकडे बघत होता. त्याचा हात पुन्हा पोटाच्या उजव्या बाजूला गेला होता, जणू तिथे आपण चोरी लपवली आहे.

“चल माज्यासंगं,” इंदूताई मनीषाला म्हणाल्या. “ताई, तुमी बी या.”

बागेच्या कडेला अवजारांची शेड होती. इंदूताईंनी हातमोजे काढले, टाकीपाशी बसून साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले आणि पदराला कोरडे केले. मग आत आल्या.

“दाव,” त्या म्हणाल्या.

मनीषाने कुडता वर केला. छातीखालून उतरून उजवीकडे वळलेला व्रण होता, आता फिका पडलेला. उंदरांचे असे कितीतरी व्रण मी पाहिलेत. हा मात्र मी पहिल्यांदाच बघत होते. इंदूताईंनी तळवा त्या व्रणावर ठेवला आणि तसाच ठेवला.

“हात गार लागतोय का गं?”

“न्हाई.”

“मी दिलं असतं,” त्या म्हणाल्या. “कुनी सांगितलं असतं तर मी बी असंच फाडून दिलं असतं त्यास्नी. नंबराची वाट बघत बसलो आमी. मी त्येंच्या उशाला बसून हुते आन् माज्याच पोटात हुतं ते.” आणि त्या रडायला लागल्या, मोठ्याने. बाहेर माणसं आहेत याची त्यांना काही पर्वा नव्हती. मनीषाने त्यांना धरलं. त्या आपल्या होणाऱ्या सासू आहेत की नाही हे अजून ठरलेलं नव्हतं, पण तिने आईला धरावं तसं धरलं.

जरा वेळाने इंदूताईंनी डोळे पुसले. मनीषाचा कुडता स्वतःच्या हाताने खाली ओढून नीट केला आणि माझ्याकडे वळल्या.

“तात्यास्नी सांगते मी. माज्या सुनंच्या अंगाला आता कुनी सुरी लावायची न्हाई. लागलंच अमोलला उद्या, तर मी हाय. माजा आन् त्येचा रक्तगट एकच हाय. मी दीन की. व्हय न्हवं, ताई?”

त्यांचं वय मला दिसत होतं. या वयात जिवंत माणसाचं यकृत डॉक्टर सहसा घेत नाहीत, आणि जी काही वर्षं त्यांच्या हातात होती ती नंबराची वाट बघण्यात निघून गेली होती. हे मला ठाऊक होतं, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“व्हय,” मी म्हटलं. “तुमी हाय की.”